काळी पडलेली व्हिस्की

माझ्या बायकोला, मायझीला, पुरून आल्यानंतरच्या सोमवारी मी दुकान उघडलं. उघडायची इच्छा नव्हती. पण लोकांनी एकदा टेकडीपलीकडच्या दुकानाची वाट धरली की ते परत येत नाहीत, हे मला माहीत होतं. शिवाय त्याच आठवड्यात लेगसाहेब येणार होते.

लेगसाहेबांचं स्टेशनजवळ हॉटेल होतं. त्यांनी हिवाळ्याच्या आधी मला सांगितलं होतं, "मेव्हर, तुमचं ते मिश्रण मुरलं की मला एक घोट द्या. आवडलं तर माझ्याकडे तुमच्याच नावाने ठेवीन." तोवर मी बाकीच्या दुकानदारांसारखाच होतो. डोंगरातल्या भट्ट्यांमधून पिंपं यायची, आणि त्यातली व्हिस्की मी लोकांच्या बरण्यांत ओतून द्यायचो. एका पिंपातली जळजळीत, दुसऱ्यातली धुरकट, तिसऱ्यातली मिळमिळीत. ती एकत्र करायची कल्पना मायझीची. चहाची पत्ती आम्ही दोन-तीन पेट्यांतली मिसळूनच विकत होतो. ती म्हणाली, "चहाला चालतं तर व्हिस्कीला का नाही?" मी मापं ओतली, तिने वास घेऊन प्रमाण ठरवलं. घरात होती नव्हती ती सगळी चांगली व्हिस्की त्यात गेली. मोठ्या ओकच्या पिंपात भरून ती आम्ही तळघरात मुरत ठेवली. हिवाळा सरता सरता मायझीला ताप आला. मुरलेली व्हिस्की तिने चाखली नाही.

त्या सोमवारी मी मेणबत्ती घेऊन तळघरात उतरलो, पिंपाची तोटी उघडली आणि ग्लास खाली धरला. ग्लासात पडलं ते काळं होतं.

मला वाटलं, उजेड कमी आहे. ग्लास मेणबत्तीसमोर धरला. सोनेरी रंगाचा मागमूस नव्हता. डबक्यातल्या पाण्यासारखी ती काळी दिसत होती, आणि कडेला जांभळट झाक होती. मी पुन्हा तोटी उघडली. पुन्हा काळीच.

घरात मरण आलं की ते माणसाबरोबर निघून जातंच असं नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. ते मागे राहतं. लोण्यात शिरतं, पिठात शिरतं, व्हिस्कीत शिरतं, आणि ज्यात शिरेल ते नासतं. मी चर्चचा पंच होतो. असल्या गोष्टींना मी पाद्रीबुवांबरोबर बसून हसलो होतो. तळघरात मला हसू आलं नाही.

कारण वरच्या मजल्यावर टिबी खोकत होती.

टिबी माझी मुलगी, सहा वर्षांची, एकुलती एक. आई घरात शवपेटीत होती तेव्हा तिला खोकला झाला होता, म्हणून तिच्या आजीने तिला गरम पाण्यात मध आणि चमचाभर व्हिस्की दिली होती. याच पिंपातली. मेणबत्ती न घेताच उतरून तोटीतून मीच काढून आणली होती. आणि शनिवारपासून टिबीला ताप होता. ओठ सुकलेले, कान लाल, अगदी मायझीचे झाले होते तसे.

मी ग्लासातली व्हिस्की राखेच्या बादलीत ओतली, ग्लास कोटाने पुसला आणि वर येऊन गल्ल्यामागे उभा राहिलो.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शेजारची गिलीस बाई. तिने चीज मागितलं. मी कापू लागलो तर ती सुरीवर वाकून बघायला लागली.

"हे ताजं आहे ना हो?"

"नेहमीचंच आहे."

"नेहमीचं म्हणजे, तेव्हा इथेच होतं का? म्हणजे बिचारी वर होती तेव्हा?"

"इथेच होतं, बाई. चीज कुठे जाणार?"

"तसं नाही. सहज विचारलं." ती गल्ल्यापासून मागे सरकली. "आज राहू दे. मेणबत्त्याच द्या. छोटी कशी आहे?"

"बरी आहे," मी म्हणालो. नेमका तेव्हाच वरून खोकला आला. गिलीस बाईने छताकडे पाहिलं, मेणबत्त्या उचलल्या आणि बाहेर पडली. या बाईला तळघरातलं कळलं तर काय होईल ते मला दिसत होतं. पण खरं सांगायचं तर दुकानाचा विचार आला तसा गेला. खोकला तेवढा डोक्यात राहिला.

दुपारी माझी सासू एल्सपेट जग घेऊन तळघराच्या जिन्याकडे निघाली. ती खालच्या कोळीवाड्यातली, नवरा समुद्राने नेलेली. मायझी आजारी पडली तेव्हा ती आली आणि घर तिनेच हातात घेतलं.

"कुठे निघालात, आई?"

"टिबीसाठी चमचाभर आणते. छाती भरलीय पोरीची."

"त्या पिंपातली नको!"

मी इतक्या जोरात ओरडलो की तिच्या हातातला जग दारावर आपटला. तिने माझ्याकडे पाहिलं. समुद्राकडे बघत आयुष्य काढलेल्या बायकांना तोंड बघूनच बातमी कळते.

"काय झालंय तिला?"

"काही नाही. अजून मुरली नाही."

"मला शिकवू नकोस, गिल्बर्ट." ती खाली गेली. तोटीचा आवाज आला. पण ती वर आली नाही. मी खाली गेलो तेव्हा ती पिंपाला न टेकता, भिंतीला पाठ लावून उभी होती. एका हाताने तिने दाराची बिजागरी घट्ट धरली होती.

"थंड लोखंड, थंड लोखंड," ती पुटपुटत होती. मग म्हणाली, "उशीर झाला माझ्याकडून."

"कशाला उशीर?"

"लोखंड घालायला. मायझीने डोळे मिटले तसं मी सगळ्यात घातलं. चीजमध्ये विणायची सुई, लोण्यात सुई, ओटच्या पिठात चावी. चहाच्या पेट्यांतसुद्धा खिळे ठेवले. लोखंड असलं की मरण आत शिरत नाही. पण एवढं मोठं पिंप. त्याला एक सुई कशी पुरणार? तूच सांग."

"मग?"

"मग मी घरी गेले आणि त्याचे खिळे घेऊन आले."

'त्याचे' म्हणजे तिच्या नवऱ्याच्या होडीचे. होडी खडकांवर फुटून किनाऱ्याला लागली होती, माणूस कधी लागलाच नाही. फळ्या तिने चुलीत घातल्या आणि खिळे एका फडक्यात बांधून उशाशी ठेवले. हे मला मायझीने सांगितलं होतं. त्या फडक्याला घरात कोणी हात लावत नसे.

"सगळे घातलेत?"

"सगळे. बूच काढलं आणि एकेक करून आत सोडले. पण जाऊन येईपर्यंत रात्र गेली होती रे. एक अख्खी रात्र ते पिंप उघडं होतं मरणाला. त्यात ते शिरलं, आणि त्यातलंच मी माझ्या हाताने पोरीला पाजलं."

ती रडत नव्हती. बिजागरी सोडत नव्हती एवढंच. मी तिला वर नेऊन टिबीजवळ बसवलं.

मग मी गल्ल्यामागे येऊन बसलो आणि हळूहळू डोकं चालू लागलं. शाळेच्या मास्तरांसाठी शाई मीच बनवून द्यायचो. मायफळं ठेचायची, पाण्यात उकळायची आणि त्यात हिराकस टाकायचा. मायफळ म्हणजे ओकच्या झाडावरची गाठ, आणि हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. दोन्ही एकत्र आले की पाणी काळं होतं, कडेला जांभळट झाक येते. माझं पिंप ओकचं होतं. त्यात मूठभर गंजलेले खिळे कित्येक दिवस पडून होते. एल्सपेटने माझ्या व्हिस्कीची शाई केली होती.

तरी माझा माझ्यावर विश्वास बसेना. कोपऱ्यात ओकचंच एक लहान पिंप होतं, मायझीला पुरून आल्यावर स्टेशनवरून आलेलं, आमच्या घरातल्या मरणाशी काही संबंध नसलेलं. त्यातली व्हिस्की मी दोन ग्लासांत काढली. एकात पेटीचा गंजका खिळा टाकला, दुसऱ्यात काही नाही. दोन्ही पोत्यामागे लपवले. सकाळी पाहिलं तर खिळ्याचा ग्लास काळा पडला होता. दुसरा होता तसाच सोनेरी.

मी तिथेच मोठ्याने हसलो. मग जिन्याच्या पायऱ्या गाळत वर धावलो, एल्सपेटला सांगायला की मरण नव्हे, खिळे होते, नुसते खिळे.

खोलीत डॉक्टर होते. ते टिबीच्या मनगटावरून बोटं काढत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आईला होतं तेच आहे. दोन-तीन दिवसांत इकडे किंवा तिकडे. पाणी पाजत राहा." टिबीने मला ओळखलं नाही. ती छताकडे बघत कुणाशीतरी बोलत होती, आणि मधेच "हो, आई," म्हणत होती.

एल्सपेटने तिच्या मुठीत चुलीची सळई दिली होती आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली होती. मी दारात उभा राहिलो. खिळ्यांबद्दल बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ग्लासाने मला व्हिस्कीचं सांगितलं होतं. टिबीचं काय, ते त्याने सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळाने वॉटी रेनी आला. पिंपं बांधणारा आणि दुरुस्त करणारा, माझा जुना दोस्त. एका पिंपाचा पट्टा सैल झाला होता म्हणून मी त्याला आधी बोलावून ठेवलं होतं. त्याला मी सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता पोट धरून हसायला लागला.

"खिळे? पिंपात? दुकानदार, तुझ्या सासूने समुद्रात नांगर टाकावा तसे टाकले की!"

"हसू नकोस, वॉटी. वर ऐकू जाईल."

मग त्याने ग्लास हुंगला, जिभेवर थेंब घेतला. "लोखंडाची चव आहे. पण मेली नाही रे ही. खिळे काढ, दुसऱ्या पिंपात भर, अंड्याचा पांढरा बलक फेटून घाल. गाळ खाली बसेल. रंग थोडा गडद राहील, तर सांग लोकांना की शेरी वाइनच्या पिंपातली आहे. लेगला काय कळतंय? अर्ध्याहून जास्त वाचेल."

"नक्की वाचेल?"

"मी करून देतो. पैजेवर."

मी अंडी आणायला निघालोसुद्धा होतो. तेवढ्यात एल्सपेट जिन्यावरून खाली आली. तिने वॉटीकडे पाहिलं नाही.

"ती ओतून टाक," ती म्हणाली. "सगळी. दिवस मावळायच्या आत. ते जोवर या घरात आहे तोवर पोरीला सोडणार नाही."

"एल्सपेटबाई, अहो ते खिळे..." वॉटीने सुरुवात केली. मी त्याच्या दंडाला धरलं.

"मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, गिल्बर्ट. माझी एक पोर गेली. मी लोखंड घालून बघितलं, माझ्याकडे होतं ते सगळं घातलं. आता दुसरं काही नाही माझ्याजवळ. ओत."

तिला खरं सांगितलं तर काय झालं असतं? नवऱ्याची एकच खूण तिने माझ्यासाठी दिली होती, आणि त्याच खुणेने माझं पिंप नासवलं होतं, हे तिला कळलं असतं. आणि वर टिबीच्या मुठीतली सळई तिने सोडून दिली असती. मग त्या दोघींजवळ काय उरलं असतं? हा एक विचार होता. तो मी लोकांना सांगू शकलो असतो. पण मी त्यासाठी हललो नाही. मी हललो कारण मी घाबरलो होतो. पोत्यामागचे दोन ग्लास मी डोळ्यांनी पाहिले होते, आणि तरीही मला वाटत होतं की वाचवलेल्या व्हिस्कीच्या बदल्यात माझ्याकडून टिबी घेतली जाईल. कोण घेईल, हे मला सांगता आलं नसतं. त्या व्हिस्कीत मायझीने ठरवलेलं प्रमाण होतं, तिचं शेवटचं काम होतं. तेही माझ्या मनात होतं. टिबी पुन्हा खोकली.

"वॉटी, पिंपाला हात लाव," मी म्हणालो.

"तू वेडा झालास का रे?"

"लाव हात."

आम्ही दोघांनी दोर बांधून ते तळघराच्या उतारावरून मागच्या अंगणात ओढून काढलं. वॉटी सारखा शिव्या देत होता. मी बूच काढलं आणि पिंप आडवं केलं. काळी व्हिस्की दगडांवरून गटाराकडे वाहू लागली. वास सगळ्या गल्लीभर गेला. लोक दारांत आले. गिलीस बाई कुंपणाशी उभी राहिली. बंदराकडचे दोघेजण टोप्या हातात घेऊन धावत आले आणि गटारापाशी येऊन खिन्नपणे थांबले.

"दुकानदार, निदान आमच्या तोंडाकडे तरी वळवायची," त्यातला एक म्हणाला. कोणी हसलं नाही.

आणि लेगसाहेब तेव्हाच आले. त्यांना दुसऱ्या दिवशी यायचं होतं, पण आधीच्या गाडीने आले. ते फाटकात उभे राहून बघत होते.

"हेच का ते, मेव्हर? तुम्ही म्हणत होतात ते?"

"हेच."

"वास तर उत्तम येतोय. काय बिघडलं?"

एल्सपेट मागच्या दारात उभी होती, माझ्याकडे बघत. मी म्हणालो, "बरोबर नव्हती."

"फक्त तेवढंच? बरोबर नव्हती?"

"हो, साहेब."

त्यांनी गटाराकडे पाहिलं, रिकाम्या होत चाललेल्या पिंपाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी येणार हे तुम्हाला माहीत होतं. दुसरा कोणी असता तर हिला रंग लावून बाटल्यांत भरून माझ्या गळ्यात मारली असती." वॉटीने जमिनीकडे पाहिलं. "पुढची तयार झाली की पाठवून द्या. मी चाखायला येणार नाही. तुम्ही पाठवलीत म्हणजे झालं."

ते गेले, आणि ही गोष्ट त्यांनी प्रत्येक गाडीतल्या प्रत्येक प्रवाशाला सांगितली असावी. पुढच्या वर्षी माझ्याकडे अ‍ॅबर्डीनहून माणसं आली, नंतर ग्लासगोहून. मेव्हर बरोबर नसलेला माल गटारात ओततो, पण विकत नाही, असं ते एकमेकांना सांगायचे. आज आमच्या नावाच्या बाटल्या जहाजांवर चढतात. टिबीचा नवरा गोदामं सांभाळतो, आणि पाहुणे आले की त्यांना तो किस्सा ऐकवतो. मी तिथे बसलेला असतो. त्यांना तो सचोटीचा किस्सा वाटतो. वाटू देतो.

पण त्या संध्याकाळी यातलं मला काहीच दिसत नव्हतं. अंगण रिकामं झालं, लोक घरोघरी गेले, आणि मी टिबीच्या खाटेशी जाऊन बसलो. ताप तसाच होता. दुसऱ्या दिवशीही तसाच. एल्सपेट म्हणाली, "थांब, निघायला वेळ लागतो त्याला." मी थांबलो. टिबी प्रत्येक श्वास ओढत होती, आणि पुढचा यायला उशीर झाला की मी अर्धा उठायचो. ओतून टाकली, तरी ताप उतरत नाही. मग अजून काय हवंय? आणि आता तर माझ्याकडे ओतायलाही काही उरलं नव्हतं. त्या दिवसाइतका मी कधी घाबरलो नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही.

त्यानंतरच्या सकाळी तिला घाम फुटला. कपडे, उशी, सगळं ओलं. मला वाटलं, संपलं. एल्सपेटने तिच्या कपाळावर गाल टेकवला आणि तसाच ठेवला.

"आज्जी," टिबी म्हणाली, "तुझा गाल खरखरीत आहे."

"असू दे."

"मला पेज पाहिजे. साखर घातलेली. बाबा देत नाहीत, तू दे."

एल्सपेट उठली. माझ्याशेजारून जाताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वेळेवर ओतलीस, पोरा."

"हो, आई," मी म्हणालो. आणि ते मी खोटं म्हणालो असं आजही मला ठामपणे सांगता येत नाही.

टिबी पेज खात होती तेव्हा मी अंगणात गेलो. रिकामं पिंप कोरडं पडलं की त्याच्या फळ्या सुटतात, म्हणून त्यात पाणी भरायचं होतं. मी पिंपाचं वरचं झाकण काढलं, बादली उचलली आणि पिंपात वाकलो. आत लोखंडाच्या वासाखाली अजून तो दुसरा वास होता, धुरकट आणि गोड, तिने ठरवलेला. मी तसाच वाकून राहिलो. मायझी गेल्यापासून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. शवपेटीपाशी नाही, कबरीपाशी नाही. लोक म्हणाले होते, मेव्हर धीराचा माणूस आहे. धीर कसला, भीती होती, आणि ती असेपर्यंत दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. आता ती गेली. मी पिंपात तोंड घालून रडलो, म्हणजे वर आवाज जाणार नाही. बराच वेळ रडलो. मग बादली उचलून पाणी भरायला लागलो.